हरले बाई मी

१

प्रचाराचे भोंगे बंद व्हायला जेमतेम अर्धा तास उरला होता. सिस्टरची प्रचाराची गाडी कापडबाजाराच्या तोंडाशी येऊन थांबली आणि भोंग्यातून खुद्द सिस्टरचा आवाज आला, "हरले बाई मी तुमच्यापुढे. घेते माघार. आता तुम्हीच बघा काय ते."

एकदा नव्हे. पुढच्या चौकात तेच, पाण्याच्या टाकीखाली तेच, शाळेच्या भिंतीलगत तेच. आणि ज्या प्रसूतिगृहासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, त्याच्या फाटकासमोरही तेच. मग घड्याळात वेळ झाली, कायद्यानं सगळ्यांचे भोंगे बंद झाले आणि वॉर्डात शुकशुकाट पडला.

सिस्टर म्हणजे महापालिकेच्या प्रसूतिगृहातली नर्स. वॉर्डातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. ते प्रसूतिगृह पाडून तिथं दुकानं काढायचं घाटत होतं, तेव्हा ती नोकरीचा राजीनामा देऊन निवडणुकीला उभी राहिली होती. समोर होत्या जुन्या नगरसेविका, एकेकाळच्या शाळेतल्या शिक्षिका. त्यांना सगळा वॉर्ड 'बाई' म्हणायचा. ज्यांनी त्यांच्याकडून पाढे घोकले ते म्हणायचेच, पण ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही तेही म्हणायचे. आता सिस्टर भोंग्यातून 'हरले बाई' म्हणाली, तर लोकांनी दुसरं काय समजायचं?

लोकांनी तेच समजलं. मतदानाच्या दिवशी सिस्टरच्या नावासमोर इतकी थोडी मतं पडली की मोजणाऱ्यांनीच मान खाली घातली. रात्रीतून कुणीतरी घराच्या भिंतीवर कोळशानं 'विकाऊ' असं लिहून गेलं. कोपऱ्यावरची फळवाली मावशी, जी हिला बघितलं की टोपलीतली चांगली फळं बाजूला काढायची, तिनं हिला येताना बघून पाठ फिरवली. प्रसूतिगृहात परत घ्या म्हणून विचारायला गेली, तर तिथल्या मेट्रननं दारातच सांगितलं, पैसे घेऊन बसणाऱ्या बाईला आम्ही बायकांच्या खोलीत कसं सोडणार. म्हणजे निवडणूक गेली ती गेली, वर नाव गेलं आणि हातातलं कामही गेलं.

तिचे सासरे निवृत्त फौजदार. गल्ली अजून त्यांना फौजदारच म्हणते, घरात ते आप्पा. माणूस करारी, पण कानानं पार गेलेला. सून वर्षभर त्यांच्या मागं लागली होती, आप्पा, कानातलं यंत्र घाला. विनवून झालं, रागावून झालं, पण म्हातारा बधला नाही. यंत्र कपाटात पडून होतं आणि घरातल्यांचे घसे बसत होते. त्या संध्याकाळी गाडी घरावरून गेली तेव्हाही फौजदार दारातच बसले होते. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही.

भिंतीवरचं ते अक्षर मात्र डोळ्यांनी वाचलं आणि भोंग्याचा प्रकार शेजाऱ्यानं कानाशी ओरडून सांगितला. तशी त्यांनी कपाट उघडलं, यंत्र कानात घातलं आणि म्हणाले, "ही कुणाची करणी आहे ते मी शोधून काढतो. सगळ्यांसमोर काढतो."

सून भिंत पुसत होती. निकालापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि सवयीप्रमाणं ओरडून सांगितलं, "सोडा, आप्पा. नका शोधू." यंत्रातून तो आवाज इतका आदळला की फौजदारांच्या कानठळ्या बसल्या.

"तक्रार का केली नाहीस? निवडणूक अधिकारी काय झोपला होता?"

"मीच केली नाही," ती म्हणाली आणि पुन्हा भिंत पुसायला लागली.

जिचं घर लुटलं तीच चोराला शोधू नका म्हणते, हे उभ्या नोकरीत फौजदारांनी बघितलं नव्हतं.

२

भोंगेवाल्याचं दुकान म्हणजे एक बोळ. जमिनीवर कर्णे, वायरींची भेंडोळी आणि मधे स्टुलावर स्वतः मालक. फौजदारांना बघून तो अर्धवट उठला.

"मला धरायला आलात ना? धरा. पण मी आपल्या मनानं काही केलेलं नाही."

"मग कुणाच्या मनानं केलंस?"

"सिस्टरच्या प्रचाराचा जो फोन होता ना, कार्यालयात टेबलावर पडलेला असायचा तो, त्याच्यावरून आलं. रोजची रेकॉर्डिंग तिथूनच यायची. खाली लिहिलं होतं, शेवटच्या फेरीला फक्त हेच लाव. लावलं मी."

"एवढं भयंकर वाक्य आणि तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

भोंगेवाला कसनुसं हसला. "फौजदार, इतकी वर्षं मी या धंद्यात आहे. उभे राहिलेले शेवटच्या दिवशी बसतातच. कोण कशाला बसलं हे गाडीवाल्यानं विचारायचं नसतं. मला वाटलं, ह्याही बसल्या."

त्यानं फोन काढून ते वाक्य ऐकवलं. फौजदारांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. सुनेचाच आवाज होता, त्यात तिळमात्र शंका नाही.

"तांत्रिक काही गडबड? कापाकापी, जोडाजोडी?"

"छे. उलट इतकं सोपं काम मला पूर्ण प्रचारात मिळालं नव्हतं. एरवी सिस्टरचं रेकॉर्डिंग म्हणजे मांजराचं पिल्लू बोलतंय. बटण शेवटपर्यंत पिळावं लागायचं. हे मात्र आयतं खणखणीत आलं, एकेक शब्द सुटा."

"काहीतरीच काय," फौजदार म्हणाले. "तिचा आवाज पहिल्यापासून खणखणीत आहे."

भोंगेवाल्यानं त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं, पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला घाला म्हणून विषय बदलला.

"तुम्ही त्या नकलाकाराला विचारा ना. शेवटच्या दिवशी दुपारी मी पैसे मागायला कार्यालयात गेलो, तेव्हा तो फोन त्याच्याच हातात होता."

३

नकलाकार वाढदिवसाला, लग्नाला, कंपन्यांच्या मेळाव्याला लोकांचे आवाज काढून पोट भरायचा. सिस्टरच्या सभांमधे त्यानं फुकट कार्यक्रम केले होते, कारण त्याची दोन्ही मुलं तिच्याच हातची. फौजदार गेले तेव्हा तो आरशासमोर बसून दाढी करत होता.

"फोन मी घेतला होता, खोटं कशाला बोलू. चहा सांगायला घेतला आणि टेबलावर ठेवला. त्या टेबलाभोवती सगळा गोतावळा होता. तुमचे चिरंजीव होते, पोरीबाळी होत्या, मी होतो."

"तुला सुनेचा आवाज काढता येतो?"

"येतो की." त्यानं तोंडावरचा साबण पुसला, खांदे जरा आत घेतले आणि बारीक, घाईच्या, काठाकाठानं चालणाऱ्या आवाजात म्हणाला, "काळजी करू नका हं, मी आहे ना."

फौजदार हसलेच. "हा तिचा आवाज? अरे, ही तर कोणी भलतीच बाई आहे."

एवढ्यात आतून नकलाकाराची बायको हात पुसत बाहेर आली. "सिस्टर आल्यात का? अहो, बसायला तरी सांगा त्यांना." समोर नुसता नवरा आणि फौजदार बघून ती ओशाळली आणि परत गेली.

फौजदारांना वाटलं, बिचारीला स्वयंपाकघरातून नीट ऐकू आलं नसेल. ज्याला साधा आवाजही जमत नाही तो कसला फसवणार, असा विचार करून त्यांनी नकलाकाराला मनातल्या मनात सोडून दिलं. पण निघताना तोच म्हणाला, "फौजदार, माझं ऐकायचं तर ऐका. ती नक्कल नाहीच. नक्कल करणारा जरा जास्त करतो, त्याशिवाय त्याला राहवत नाही. ते वाक्य सिस्टर स्वतः बोलल्यात."

"म्हणजे तिनं खरंच माघार घेतली?"

"तसं मी कुठं म्हणतोय? पुन्हा ऐका एकदा. हरलेला माणूस असा बोलतो का? रागानं नाही, दुःखानं नाही, त्या लाडानं हरल्यात. कुणीतरी हट्टी माणूस समोर उभा आहे आणि त्याच्यापुढे हात टेकलेत, अशी ती ऐट आहे. सभेत माणूस असं बोलत नाही, घरात बोलतो."

फौजदार रस्त्याला लागले. आवाज तिचा, बोलली ती, आणि तक्रार करायला तयार नाही तीही तीच. भिंतीवर लिहिणारा खोटं लिहून गेला, असं शपथेवर सांगायची त्यांची हिंमत त्या क्षणी झाली नसती.

४

बाईंच्या दिवाणखान्यात अजून हार सुकत पडले होते. खुर्चीत ताठ बसून बाई म्हणाल्या, "मी तुमच्या सुनेला विकत घेतलं का, हेच विचारायला आलात ना? नाही घेतलं. ती विकली गेली असती तर मला आधीच बरं वाटलं असतं. दोन महिने मी नीट झोपले नव्हते."

"तुमच्या माणसांनी?"

"माझा कंत्राटदार सगळं बघतो. तो काय काय करतो हे मी विचारत नाही. विचारलं की माहीत होतं, आणि माहीत झालं की जबाबदारी येते." त्यांनी हे पाढे म्हणावेत तितक्या सहज सांगितलं.

"तुमच्या नावानं एका बाईची अब्रू गेली आणि तुम्ही गप्प बसलात."

"फौजदार, माझा पराभव माझ्या दारात येऊन उभा होता. कुणीतरी त्याला परत पाठवलं. कुणी पाठवलं म्हणून मी हाका मारत सुटू?" मग कधीची खुपणारी गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या, "पण एक सांगते. ऐकलं तेव्हा मलाही नवल वाटलं. सगळा वॉर्ड मला बाई म्हणतो. तुमची सून एकटी मॅडम म्हणते. भेटली तरी मॅडम, सभेत माझी साल काढताना सुद्धा मॅडम. ती माझ्या हाताखाली शिकलेली नाही ना. आयुष्यात एकदा मला बाई म्हणाली आणि तेही हरताना, हे मला पटलं नाही."

फौजदार उठले. ती 'बाई' जर ही बाई नव्हे, तर मग ते वाक्य होतं तरी कुणासाठी?

५

घराच्या फाटकाशी आले तर आत कोणीतरी परकी बाई फोनवर बोलत होती. आवाज बारीक, घाईचा, काठाकाठानं चालणारा. "हो, दुसऱ्या गावी यायची माझी तयारी आहे. खाजगी असलं तरी चालेल." फौजदारांना वाटलं, शेजारची कुणी आली असेल. दार ढकललं तर खोलीत सून एकटीच होती.

तिनं त्यांना पाहिलं, फोन खाली ठेवला आणि ओरडली, "आप्पा, आलात? पाणी, देऊ, का?"

एकेक शब्द सुटा. खणखणीत.

फौजदार तिथंच खुर्चीत बसले. तिचा खरा आवाज त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला होता. भोंगेवाला खरं बोलत होता आणि नकलाकाराच्या बायकोचे कानही ठणठणीत होते. सगळ्या वॉर्डाला माहीत असलेला आवाज एक होता आणि त्यांना माहीत असलेला दुसराच. हा दुसरा आवाज जगात एकाच माणसासाठी काढला जात होता, कारण त्या माणसाला ऐकू येत नव्हतं.

मग बाकीचं आपोआप लागत गेलं. बायका 'नको बाई', 'दमले बाई' म्हणतात, तेव्हा समोर कुठली बाई असते का? कोणीच नसते, तो नुसता उसासा. 'हरले बाई' मधली बाई तसलीच. आणि 'तुमच्यापुढे' म्हणजे मतदारांपुढे नव्हे, बाईंपुढेही नव्हे. ज्याला तुम्ही म्हणायचं, ज्याच्यावर जीव आहे, जो महा हट्टी आहे आणि ज्याला ओरडल्याशिवाय कळत नाही, अशा माणसापुढे.

प्रचाराच्या धामधुमीतली एक सकाळ त्यांना दिसायला लागली. ती यंत्राची डबी घेऊन पुढ्यात उभी आहे, ते मान हलवतायत. ती काहीतरी बोलते, हसते, कोपरापासून हात जोडते, डबी त्यांच्या मांडीवर ठेवते आणि सभेला निघून जाते. ती काय बोलली ते त्यांनी विचारलंही नव्हतं. ज्या वाक्यानं तिचं वाटोळं झालं ते तिनं त्यांनाच सांगितलं होतं आणि ते त्यांच्या कानांवरून गेलं होतं.

त्या खोलीत तिसरं माणूस एकच होतं. टेबलाशी फोन हातात घेऊन बसलेलं, बापाची गंमत बघत हसणारं.

फौजदारांनी नोकरीत पुष्कळांना हाक मारून बोलावलं होतं. या वेळी ते दाराकडे खुर्ची वळवून मुलाची वाट बघत बसले.

६

मुलगा महापालिकेच्या पाणीपुरवठा कार्यालयात कंत्राटी कारकून. कायम होणार, कायम होणार म्हणता म्हणता डोक्यावरचे केस गेले. तो कामावरून आला, चप्पल काढली आणि बापाचा चेहरा बघून तिथंच उभा राहिला.

"माझी गंमत म्हणून फोनवर काढलं होतंस ना ते?" फौजदारांनी विचारलं.

तो नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्यांच्याकडे पुरावा असा काहीच नव्हता. पण तो खाली बसला.

"गंमत म्हणूनच काढलं, आप्पा. आईची शपथ. कार्यालयात जेवताना चौघांना दाखवलं. बाईंचा कंत्राटदार तिथं बिलासाठी आला होता. तो हसला. मग बाहेर बोलावून म्हणाला, नुसता आवाज दे, तुझं कायमचं काम करून देतो."

"आणि तू बायकोच्याच कार्यालयात जाऊन, तिच्याच फोनवरून पाठवलंस."

"ती निवडून आली असती तरी एकट्यानं काय केलं असतं? सभागृहात एकटी ओरडत बसली असती. प्रसूतिगृह पडायचं ते पडलंच असतं. मला वाटलं, निदान एकाचं तरी भलं होईल. ते घरातच राहील." तो तळहाताकडे बघत होता. "आता तो कंत्राटदार माझा फोनही घेत नाही."

सून दारात उभी होती. कधी आली ते दोघांनाही कळलं नाही.

"तुला माहीत होतं," फौजदार म्हणाले.

"पहिल्या शब्दाला कळलं, आप्पा. असं मी तुमच्याखेरीज कुणाशी बोलते? आणि त्या वेळी खोलीत कोण होतं, ते मला माहीत होतं." आता ती ओरडत नव्हती. बारीक आवाजात बोलत होती आणि फौजदारांना सगळं ऐकू येत होतं. "तक्रार केली असती तर याला पोलीस घेऊन गेले असते. म्हटलं, थांबू. मधे एक दिवस आहे. हा स्वतः येईल, चारचौघांत जाऊन सांगेल, चूक झाली म्हणेल. तो दिवसही गेला, रात्रभर जागी बसले. सकाळी दोघं शेजारशेजारच्या रांगांत मतदानाला उभे राहिलो. तेव्हाही म्हटलं, आता बोलेल."

मुलानं वर बघितलं. "मत मी तुलाच दिलं," तो म्हणाला.

तो खरं बोलत होता. फौजदारांनी जन्मात ऐकलेल्या कबुलीजबाबांपैकी एकही त्यांना इतका जिव्हारी लागला नव्हता. सून आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

"मी चौकात जाऊन सांगणार," फौजदार तिच्या मागं जाऊन म्हणाले. "पोराचं नाव घेऊन सांगणार. तुझं नाव धुऊन काढल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

"तुम्हाला बरं वाटेल तसं करा, आप्पा," ती म्हणाली. "मला उद्या सकाळची गाडी आहे."

७

ती गेली त्या सकाळी फौजदार इस्त्रीचे कपडे घालून चौकात उभे राहिले. भोंगा नव्हता, तरी माणसं जमली. फौजदारांनी काही लपवलं नाही. वाक्य कुणाला बोललं गेलं, कुणी उचललं, कशापायी दिलं, सगळं सांगितलं. 'माझा मुलगा' हे शब्दही गाळले नाहीत.

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे सौदा घरातच झाला होता म्हणा की." दुसरा म्हणाला, "नवऱ्यानं केलं आणि बायकोला पत्ता नाही होय? आम्हाला काय दूधखुळे समजता?" फौजदार पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. पण लोकांची कामं होती. ज्यांना पटलं तेही निघाले आणि ज्यांना पटलं नाही तेही निघाले, आणि पाठमोऱ्या माणसांत कोण कुठला ते ओळखता येत नव्हतं.

फळवाली मावशी तेवढी थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला पटलं, फौजदार. पोर तशी नव्हतीच. मी उगाच तोंड फिरवलं." तिनं पदरानं डोळे टिपले. "पण आता पटून काय करू? मत तर देऊन झालं."

तिच्या मागं प्रसूतिगृहाच्या फाटकाला पत्रे ठोकायचं काम चाललं होतं. बाईंचा कंत्राटदार छत्री धरून उभा होता आणि मजुरांना पत्रा सरळ लावा म्हणून सांगत होता.

"बरं, सिस्टरला जरा पाठवून द्या घरी," मावशी म्हणाली. "सुनेचे दिवस भरत आलेत. काल रात्रीपासून पाय सुजलेत. तिकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे शहराचं दुसरं टोक. सिस्टरनं नुसता हात लावून बघितलं तरी धीर येईल. माफी मागते म्हणावं मी, पाया पडते."

"ती गेली, मावशी. सकाळीच. दुसऱ्या गावात काम मिळालंय."

"परत कधी येणार?"

फौजदारांनी मान हलवली.

मावशीच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, पण चेहरा बदलला. भिंतीवर लिहिलं गेलं तेव्हा नव्हती इतकी ती आता रागावली होती.

"अशी कशी गेली?" ती म्हणाली. "आता आम्ही कुणाकडे जायचं?"